नऊ मिलिमीटरचा हिशेब

फोर्कलिफ्टनं माल उचलायचं सोडलं की गोडाऊनमध्ये आरडाओरडा होतो. ट्रक दारात उभा, हमाल बसून, सुपरवायझर फोनवर. तासाभरात मिस्त्री हजर होतो. बॅटरी उतरली, ब्रेक लागेना, टायर गेला, यांतलं काहीही झालं तरी गाडी थांबते आणि थांबते म्हणूनच दुरुस्त होते. एक बिघाड मात्र गाडी थांबवत नाही. काट्यांवर बोजा असताना मास्ट, म्हणजे समोरचा तो उभा पोलादी सांगाडा, आपोआप हळूहळू पुढे वाकू लागतो. ऑपरेटर लिव्हर जरासा मागे ओढतो, मास्ट सरळ होतो, काम चालू राहतं. काही दिवसांनी ते ओढणं त्याच्या हाताला इतकं सवयीचं होतं की तक्रार वहीत चढतच नाही. भिवंडीच्या गोडाऊनांत काय किंवा चाकणच्या कारखान्यांत काय, काटे उचलणाऱ्या लिफ्ट सिलिंडरची दुरुस्ती ‘तातडीची’ आणि मास्ट झुकवणाऱ्या टिल्ट सिलिंडरची ‘पुढच्या सर्व्हिसिंगला’, अशी वाटणी ठरलेली असते. माझ्या मते ही वाटणी उलटी आहे.

फोर्कलिफ्टची पुढची चाकं हा तिचा टेकू असतो. टेकूच्या पुढे बोजा, मागे इंजिन आणि ओतीव लोखंडाचं प्रतिवजन. बोजा पुढच्या धुरापासून जितका लांब, तितकी गाडी पुढे उलटण्याची ओढ जास्त. म्हणूनच गाडीच्या पाटीवर नुसतं ‘३ टन’ लिहिलेलं नसतं, ‘५०० मिमी लोड सेंटरला ३ टन’ असं असतं. म्हणजे बोज्याचा गुरुत्वमध्य काट्यांच्या उभ्या पाठीपासून अर्धा मीटरवर असेल, तरच ३ टन. मास्ट साधारणपणे ६ अंश पुढे आणि १० ते १२ अंश मागे झुकू शकतो. मागचा झुकाव बोजा पाठीला टेकवून नेण्यासाठी, पुढचा पॅलेट ठेवताना काटे सोडवून घेण्यासाठी. हे झुकवण्याचं काम डाव्या-उजव्या बाजूचे दोन आखूड टिल्ट सिलिंडर करतात. त्यांचं बूड ऑपरेटरच्या पायाखाली चासीला पिनेनं जोडलेलं असतं आणि रॉडचं टोक मास्टला. धूळ, चिखल, सांडलेलं डिझेल सगळं तिथेच जमतं, त्यामुळे मुद्दाम वाकून पाहिल्याशिवाय ते दिसतही नाहीत.

आता थोडं गणित करू. ३ टनांची गाडी घेऊ. बोज्याचा मध्य मास्टच्या खालच्या खुंटीपासून सुमारे १ मीटर पुढे आणि सिलिंडरचा रॉड त्या खुंटीच्या अर्धा मीटर वर जोडलेला, असं धरू. मास्ट उभा ठेवायला दोन्ही सिलिंडर मिळून सुमारे ६ टन ओढ धरतात, प्रत्येकी ३ टन. मास्टचं स्वतःचं वजन मी सोडून दिलंय. सिलिंडरचा आतला व्यास ८० मिमी आणि रॉड ३५ मिमी असेल, तर रॉडच्या बाजूनं तेलाला मिळणारं क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस सेंटिमीटर येतं. म्हणजे इंजिन बंद करून गाडी नुसती उभी असली, तरी तिथलं तेल दर चौरस सेंटिमीटरला ७५ किलोच्या आसपास दाबाखाली असतं. चाळीस चौरस सेंटिमीटरच्या त्या कड्यामागचं मूठभर तेलच मास्टला पुढे पडू देत नसतं.

मास्ट एक अंश पुढे गेला तर रॉड किती बाहेर येतो? याच मापांनी साधारण ९ मिलिमीटर. आणि ३ मीटर उंचीवर असलेला बोजा किती पुढे सरकतो? ५२ मिलिमीटर. खाली बोटाच्या पेरापेक्षाही कमी हालचाल, वर जवळपास सहापट. पाच अंशांना रॉड ४४ मिमी बाहेर आलेला असतो आणि बोजा पाव मीटरहून जास्त पुढे गेलेला असतो. उलटवणारी ओढ तोवर चौथ्या हिश्शाहून अधिक वाढलेली असते. लिफ्ट सिलिंडर गळला तर बोजा खाली येतो आणि खाली येणारा बोजा गाडीचा तोल सहसा बिघडवत नाही. टिल्ट सिलिंडर गळला तर बोजा तोलाच्या रेषेकडे चालू लागतो. वाटणी उलटी आहे असं म्हणतो ते यासाठी.

एका अंशाला एका सिलिंडरमधून किती तेल सरकावं लागतं, तर सुमारे ३५ मिलिलिटर. एवढं तेल जमिनीवर सांडलं असतं तर झाडूवाल्यालाही दिसलं असतं. पण बहुतेक वेळा ते बाहेर येतच नाही. पिस्टनच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातं, किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमधून मुकाट्यानं टाकीत परततं. फरशी कोरडी, सिलिंडर कोरडा आणि मास्ट तरीही पुढे.

इथे एक बारकावा आहे, आणि कसलेल्या मिस्त्र्यांमध्येही त्यावरून वाद होतात. दोन्ही बाजूंनी तेल घेणारा सिलिंडर घ्या, त्याची दोन्ही तोंडं बंद करा आणि रॉडवर वरून बोजा ठेवा. पिस्टनचं सील फाटलेलं असलं तरी रॉड फारसा आत जाणार नाही. कारण रॉड आत शिरला की तो स्वतःच जागा व्यापतो, तेवढं तेल बाहेर पडायला वाट नसते आणि तेल दाबून लहान होत नाही. उलट रॉडला ओढ असेल तर चित्र बदलतं. रॉड बाहेर येतो तशी आत जागा वाढत जाते. रॉडच्या बाजूचं तेल सीलमधून मागच्या बाजूला येतं, तिथे ते पुरं पडत नाही, थोडी पोकळी राहते, पण अडवणारं कोणी नसतं. बोजा घेतलेल्या फोर्कलिफ्टचे टिल्ट सिलिंडर ओढीखाली असतात. म्हणून इथे फाटकं पिस्टन सील खरोखरच मास्टला पुढे सोडतं. ही पोकळी जाणवतेही: गाडी बराच वेळ बोजा घेऊन उभी राहिली आणि मग लिव्हर पुढे ढकलला, तर मास्ट क्षणभर ढिम्म राहतो आणि मग हिसका देऊन हलतो. तेल आधी ती पोकळी भरतं, मग काम करतं.

सीलचा इतिहास दाबाच्या यंत्रांइतकाच जुना आहे. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो हा पास्कलचा सिद्धान्त त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला. पण त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट जोसेफ ब्रामाला लंडनमध्ये मिळालं ते १७९५ साली. मधल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत अडचण तत्त्वाची नव्हती, ते कारखान्यात उतरवण्याची होती, आणि त्यात पाणी दट्ट्याच्या कडेनं निसटणं ही मोठी डोकेदुखी होती. घट्ट आवळलं तर दट्ट्या हलत नाही, सैल ठेवलं तर गळतं. यावर कातड्याची वाटी बसवण्याचा उपाय निघाला. त्याचं श्रेय ब्रामाच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्ले याला दिलं जातं. वाटीचं तोंड दाबाकडे ठेवायचं. दाब वाढला की वाटीची कड तोच दाब भिंतीशी घट्ट दाबतो, दाब गेला की कड सैल होते. जुन्या सायकलच्या पंपातला चामड्याचा वायसर ज्यांनी तेल लावून पुन्हा बसवलाय, त्यांनी हीच वाटी हातात धरलेली आहे. आज कातड्याच्या जागी पॉलियुरेथेन किंवा नायट्राइल रबर आलं, तरी ओठाचं तोंड दाबाकडे हा नियम तसाच आहे. उलटं बसवलेलं नवंकोरं सील जुन्या सीलपेक्षा जास्त गळतं.

सिलिंडर आणि टाकी यांच्यामध्ये आणखी एक राखणदार असतो, टिल्ट लॉक. कंट्रोल व्हॉल्व्हच्या टिल्टच्या दांड्यात बसवलेला हा छोटा प्लंजर. पंपाचा दाब आल्याशिवाय रॉडच्या बाजूच्या तेलाला परतीची वाट तो उघडत नाही. म्हणून इंजिन बंद असताना कुणी पोरानं गंमत म्हणून लिव्हर पुढे ढकलला, तरी मास्ट हलता कामा नये. या प्लंजरखाली लोखंडाचा एखादा कीस अडकला की तो नीट बसत नाही. मग मास्ट पुढे जातो, दोष सिलिंडरवर येतो, सील किट बदललं जातं आणि आठवड्याभरात तीच तक्रार परत येते. सील किटवर वाया जाणाऱ्या पैशाचा मोठा हिस्सा असल्या निदानातून जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा पाना हातात घेण्याआधी मोजणी.

सपाट फरशी, हँडब्रेक, चाकांना ठोकळे, आसपास माणूस नाही. तेल कामाच्या तापमानाला आलेलं हवं, सुमारे ५० अंश सेल्सियस. थंड तेल दाट असतं आणि झिजलेलं सीलही त्यात शहाण्यासारखं वागतं. काट्यांवर पाटीवरचा पूर्ण बोजा, पॅलेटला नीट बांधलेला. मास्ट उभा ठेवायचा. मास्ट काटकोनात असताना बोज्याचं आडवं अंतर उंचीनुसार बदलत नाही, म्हणून उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल तर बोजा फरशीपासून थोडाच वर पुरतो. चाचणीसाठी तो छताला नेण्याचं धाडस नको. दोन्ही रॉडवर ग्लँडला, म्हणजे रॉड सिलिंडरमधून बाहेर येतो त्या तोंडाला, लागून पेन्सिलीनं खूण करायची, इंजिन बंद करायचं, घड्याळ लावायचं. दहा मिनिटांनी खूण आणि ग्लँड यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या पट्टीनं मोजायचं. डोळ्यांनी मास्टकडे बघून अंदाज करणं हा चाचणीचा प्रकार नाही.

आकडा किती चालेल? आयएसओ ३६९१-१ या आंतरराष्ट्रीय मानकात पहिल्या दहा मिनिटांत मास्टचा पुढचा झुकाव ५ अंशांपलीकडे जाऊ नये अशी मर्यादा आहे. १० टनांपर्यंतच्या गाड्यांत काटे खाली येण्याची मर्यादा तेवढ्याच वेळात १०० मिमी. पाच अंश म्हणजे आपल्या गाडीत ४४ मिमी. ही शेवटची वेस समजावी. पुस्तिका आपल्या गाडीसाठी रॉडच्या हालचालीचा स्वतंत्र आकडा देत असेल तर तोच धरायचा. आणि उंच रॅकमध्ये रोज माल चढवणारी गाडी या वेशीच्या जवळपास फिरकत असेल, तर मी तिला त्याच दिवशी कामावरून उतरवीन. दुसऱ्या टोकाला, एक-दोन मिलिमीटरनं घाबरूही नये. गरम तेल निवताना आकसतं, आणि तेवढा रॉड केवळ त्यामुळेही बाहेर येतो.

याच वेळी टिल्ट लॉकही तपासता येतो. इंजिन बंद, बोजा फरशीच्या अगदी जवळ, लिव्हर सावकाश पुढे. मास्ट जागचा हलला तर दोष व्हॉल्व्हकडे आहे.

रॉड सरकला, पण दोष कोणत्या सिलिंडरचा? खुणा हे सांगत नाहीत. दोन्ही सिलिंडर एकाच पाइपच्या दोन फाट्यांवर असतात आणि मास्टनं एकमेकांना बांधलेले. एकाचं सील फाटलं तर दुसऱ्याचं तेलही त्याच्याच वाटेनं जातं आणि दोघांचे रॉड सारखेच बाहेर येतात. म्हणून पुढची पायरी. काटे रिकामे करून फरशीवर टेकवायचे, मास्ट पूर्ण मागे घ्यायचा, इंजिन बंद करून सिलिंडरच्या बुडाकडचा होज पाइप हळूहळू सैल करत काढायचा. होजच्या तोंडाला स्टीलचा प्लग घट्ट बसवायचा. कुणाचा हात चुकून लिव्हर पुढे ढकलेल, तेव्हा तो प्लगच अंगावर उडणारं तेल अडवतो. सिलिंडरच्या उघड्या तोंडाला नळी लावून ती मापाच्या भांड्यात सोडायची. आता इंजिन सुरू करून लिव्हर मागे ओढून धरायचा, एका वेळी काही सेकंदच; दाब रिलीफ व्हॉल्व्हवर थांबतो आणि तेल झपाट्यानं तापतं. आधी साठलेलं तेल ठिबकेल, त्याकडे दुर्लक्ष. त्यानंतर थेंब-दोन थेंब आले तर सील जिवंत आहे. अखंड धार लागली तर तो सिलिंडर खोलायचा. दोन्ही सिलिंडर कोरडे निघाले, तर व्हॉल्व्हकडे वळायचं आणि सील किटचे पैसे वाचले म्हणायचं.

रॉडच्या बाजूचा पाइप मात्र असा सहज उघडू नये. इंजिन बंद करून लिव्हर हलवला की अडकलेला दाब निघून जातो, ही समजूत इतर सर्किटांत चालते, इथे नाही. टिल्ट लॉक नेमका तोच दाब कोंडून ठेवतो. मास्ट साखळीनं किंवा होइस्टनं धरल्याशिवाय त्या पाइपाला आणि पिनांना हात लावायचा नाही. आणि गळती शोधायला बोट फिरवायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारी दाबाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते, फारशी दुखतही नाही, आणि उशीर झाला तर बोट कापावं लागू शकतं. असं झालं तर मलम लावत बसू नये. सरळ इस्पितळ गाठावं आणि आत हायड्रॉलिक तेल गेलंय हे डॉक्टरांना आधी सांगावं.

सगळ्याच तक्रारी तेलाच्या नसतात. ब्रेक मारल्यावर मास्ट खडखडत मान डोलावत असेल, पण उभा ठेवल्यावर स्थिर राहत असेल, तर पिन आणि बुश झिजलेत. ग्रीसच्या निपलला रंग लागून तोंड बुजलेलं असतं आणि ग्रीस मारणारा बाहेर ओघळलेलं ग्रीस पाहून समाधान मानतो. ते आत गेलेलंच नसतं. दुसरा प्रकार अधिक वाईट. मास्ट सावकाश पूर्ण मागे घ्या आणि पाहा: दोन्ही सिलिंडर एकाच क्षणी थांबतात का? एक आधी थांबला आणि दुसरा ओढतच राहिला, तर दर वेळी मास्टला पीळ बसतो. रॉडच्या टोकाचा योक आट्यांवर बसवलेला असतो. त्याचा आवळबोल्ट सैल करून, रॉड फिरवून लांबी सारखी करता येते. एकच सिलिंडर बदलून आलेल्या गाडीत ही जुळणी राहून गेलेली सर्रास सापडते.

सिलिंडर खोलल्यावर सगळ्यात आधी रॉड पाहावा, सील नंतर. रॉडवरचा क्रोमचा थर दोन-अडीच शतांश मिलिमीटरचा. त्यावर नखाला लागेल असा ओरखडा असेल, तर नवं सील तो ओरखडा चाटतच फाटणार. रॉड व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजखाली फिरवावा. वाकलेला रॉड हा ऑपरेटरच्या हातचा पुरावा असतो. अडकलेला पॅलेट टिल्टनं उपटणं, कंटेनरमधला बोजा काट्यांच्या टोकांनी ढकलणं, या कामांसाठी हा सिलिंडर बनवलेलाच नाही. नळीच्या आत उभे चरे असतील तर होनिंग; चरे खोल असतील तर नळीच बदलायची. पिस्टन बाहेर काढायला कॉम्प्रेसरची हवा सोडण्याची चाल अनेक वर्कशॉपांत आहे. ती बंद व्हायला हवी. अचानक सुटलेला पिस्टन माणूस जायबंदी करतो. सील बसवताना तेल लावायचं, आट्यांवर टेप गुंडाळायची, स्क्रूड्रायव्हर लांब ठेवायचा. जोडणी झाल्यावर बोज्याशिवाय मास्ट हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा फिरवून हवा काढायची आणि मग पुन्हा तीच दहा मिनिटांची मोजणी.

देखभाल त्या मानानं साधी आहे. पाळी सुरू होताना ग्लँडभोवती फडकं फिरवायचं. रॉडवर तेलाचा पातळ थर असणं ठीक, तेलाचं कडं साचणं वाईट. तेल दुधी झालं असेल तर पाणी शिरलंय, काळपट आणि जळका वास असेल तर ते थकलंय. पत्र्याच्या किसापेक्षा न दिसणारी धूळ जास्त घातक. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. सील आणि व्हॉल्व्ह झिजवायला १० मायक्रॉनचे कण पुरतात, म्हणून फिल्टर वेळच्या वेळी. कोकणपट्टीत आणि बंदरांवर खारी, दमट हवा असते. काटे जमिनीला टेकवून, टोकं खाली करून गाडी उभी करायची हा नियम योग्यच आहे, पण त्यात टिल्टचे रॉड बाहेर राहतात. पावसाळ्यात गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर त्या उघड्या रॉडांना ग्रीसचा हात द्यावा, नाहीतर क्रोमवर गंजाचे ठिपके येतात आणि पहिल्याच दिवशी ग्लँडचं सील खरवडतात. धुताना पाण्याचा जोरदार फवारा थेट ग्लँडवर धरू नये.

अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या नियमांत फोर्कलिफ्टची तपासणी रोज, आणि गाडी रात्रंदिवस चालत असेल तर प्रत्येक पाळीनंतर करायला सांगितलंय. त्याच नियमांत काटे वर असताना मास्ट पुढे झुकवायला, माल उचलण्याचा किंवा रॅकवर-थप्पीवर ठेवण्याचा प्रसंग वगळता, मनाई आहे. माणसाच्या हाताला जे मना आहे, ते गळकं सील कुणाला न विचारता करत असतं.

तुमच्या हाताखाली फोर्कलिफ्ट चालत असेल, तर मेन्टेनन्सच्या वहीत एक रकाना वाढवा: तारीख, तेलाचं तापमान, दहा मिनिटांत रॉड किती मिलिमीटर सरकला. महिन्यातून एकदा तो भरून घ्या आणि ऑपरेटरला विचारा, बोजा धरून उभं असताना लिव्हर मागे ओढावा लागतो का. तो ‘थोडासा’ म्हणाला, तर त्याच दिवशी मोजणी करून घ्या.